मिठीचा, ओढाताणीचा सीन कसा बसवायचा (झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांसाठी, शॉर्टफिल्म करणाऱ्या पोट्ट्यांसाठी पण)

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा पट्टा) मंडई म्हणजे गावची जत्रा लागते आणि गडचिरोलीतल्या वडश्याहून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात, आज भंडारा जिल्ह्यात तं उद्या सिंदेवाहीकडं, होळीपर्यंत रात्र काय न दिवस काय काही समजत नाही. मी बरेच सीझन हिरोईन केली, आता काम कमी करते आणि कोणी बोलावलं तं असे सीन बसवून देते. म्हणजे मिठी, सुहागरात, खलनायकानं बाईवर हात टाकायचा, फरफटत न्यायचं, जिथं एका माणसाचं अंग दुसऱ्याच्या अंगाला लागते ते सगळे. मले दरवेळी हेच विचारतात का ताई हे नेमकं करायचं कसं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी मी याच्यात काहून पडले ते सांगते. माझा दुसराच सीझन होता. खलनायक पदर ओढतो असा सीन, तालमीत ठरलं होतं का त्यानं पदराले नुसता हात लावायचा आणि मी गिरकी घेऊन बाजूले व्हायचं. त्या रात्री मंडपात शिट्ट्या पडल्या आणि तो चढला, त्यानं पदर ओढतच नेला, खांद्यावरची पिन उघडून मांसात घुसली, मी ओरडून राहिली "सोडा मला, सोडा", आणि लोकाईले वाटलं काय काम करते बाई! विंगेतून ओळी सांगणाऱ्या प्रॉम्प्टरले पण तसंच वाटलं, कारण "सोडा मला" हा माझा डायलॉगच होता. नंतर मी बोलली तं मलेच म्हणाले का पब्लिकले आवडलं न, मग झालं. मले आजही वाटते का त्या रात्री आमच्यात एक शब्द आधी ठरलेला असता तं मी वाचली असती.

बाहेर या कामाले नाव आहे. सिनेमात इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणतात, नाटकात इंटिमसी डायरेक्टर. अमेरिकेत टोनिया सिना नावाच्या बाईनं २००६ मध्ये विद्यापीठातल्या प्रबंधात याची पद्धत मांडली, २०१६ मध्ये तिनं दोघीजणींसोबत यासाठी संस्था काढली, आणि २०१८ मध्ये एचबीओ या तिथल्या टीव्ही कंपनीनं ठरवलं का आपल्या प्रत्येक मालिकेत असे सीन असले तं असा माणूस सेटवर पाहिजेच. आपल्याकडं हिंदीत आस्था खन्ना हे काम करते, भारतातली पहिली प्रमाणपत्र असलेली कोऑर्डिनेटर म्हणून तिचं नाव घेतात. वडश्याले असा माणूस कोणी पाठवणार नाही हे मलेही माहीत आहे. पण झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणेंले २०२३ मध्ये पद्मश्री भेटली तेव्हा आपण सगळे नाचलो, आपली रंगभूमी मोठी आहे म्हणालो, तं मग तिच्या मेकअपच्या कनातीत बसलेल्या पोरीचा मान पण तेवढाच मोठा पाहिजे.

तं सुरुवात संहितेपासून. वही घ्या आणि जिथं जिथं अंगाले हात लागते तो प्रत्येक प्रसंग लिहून काढा. फक्त सुहागरात नाही, केस ओढणं, थप्पड, बाळंतपणाचा सीन, भिजलेली साडी, मेलेल्या नवऱ्याच्या छातीवर पडून रडणं, सगळं. लेखकानं बहुतेक वेळा एकच ओळ लिहिलेली असते, "दोघे प्रेमात बुडून जातात", आणि सगळा घोळ त्या ओळीतच आहे. डायरेक्टरले विचारा, भाऊ पब्लिकले नेमकं काय दिसलं पाहिजे? हे दोघं पहिल्यांदा जवळ येऊन राहिले का दहा वर्षांचे नवराबायको आहेत? ती घाबरलेली आहे का तिलेच घाई आहे? हे समजलं का अर्ध्या वेळा मिठीची गरजच राहत नाही, नुसता हातात हात पुरते.

मग कलावंतांशी बोलायचं, आणि हे सगळ्यात नाजूक काम आहे. एकेकाशी वेगळं बोला. सगळ्यांसमोर नाही, डायरेक्टर-निर्मात्यासमोर तं नाहीच, आणि रात्री दहाले गाडीतून उतरल्या उतरल्या तोंडाले पावडर लावता लावता पण नाही. आपल्याकडं नाईटवर पैसे भेटतात, एक नाईट गेली तं घरचं गणित बिघडते, म्हणून पोरगी कशालेही "चालते दादा" म्हणून देते. तो होकार खरा नसते. म्हणून "चालेल न तुले?" असं विचारूच नका, त्याच्यात हो म्हणणं सोपं न नाही म्हणणं कठीण. असं विचारा, "याच्यातलं काय काय नको? कुठं हात नको?" मी समोर उभी राहून माझ्याच अंगावर हात ठेवून विचारत जाते, खांदा? पाठ? कंबर? पोट? मान? ती फक्त हो किंवा नाही म्हणते, कारण सांगायची गरज नाही. तिनं कारण सांगायले सुरुवात केली तरी मी म्हणते राहू दे, नाही म्हणालीस तेवढं बस झालं. आणि आज हो म्हणालेली गोष्ट उद्याच्या प्रयोगाले नको वाटू शकते, दहा प्रयोग झाले म्हणून अकराव्याचा होकार आपोआप भेटला असं होत नाही, हे पण तिले आधीच सांगून ठेवा.

हे सगळं पुरुष कलावंताले पण विचारायचं. आपण समजतो त्याले काय, पुरुषच आहे. मी एका खलनायकाचं काम करणाऱ्या भाऊले विचारलं तं तो बराच वेळ चूप बसला, मग म्हणाला का ताई बलात्काराचा सीन झाला का मले रात्रभर जेवण जात नाही, घरी माझी पण पोरगी आहे. इतकी वर्षं त्याले कोणी विचारलंच नव्हतं. आणि अठराच्या आतली पोरगी किंवा पोरगा असेल तं असे सीन द्यायचेच नाहीत, इथं बोलणी नाही, अॅडजस्टमेंट नाही.

ठरलं ते लिहून ठेवा. सिनेमात त्याचा करार असते, आपण व्हॉट्सअॅपवर तीन ओळी टाकल्या तरी चालते, दोघांलेही सेम मेसेज. कॅमेऱ्यासाठी करत असाल तं अजून लिहा, काय दिसणार, कपडा कुठपर्यंत, शूटिंगले कोण कोण हजर राहणार, आणि थंबनेलले हा फोटो वापरणार का. थंबनेलचं विसरू नका! सीन चार सेकंदाचा असते आणि यूट्यूबवर तोच फोटो लावतात, पोरगी गावात तोंड दाखवायले घाबरते.

आता बसवायचं कसं. "करा मनानं, फीलिंग आणा" असं म्हणायचंच नाही. मारामारी आपण मनानं करतो का? काठी कुठून येणार, डोकं कधी वाकवायचं, सगळं ठरवतो न, तसंच हे. डावा हात तिच्या उजव्या खांद्यावर, एक दोन तीन, खांद्यावरून कोपरापर्यंत खाली, थांब, ती मान वळवते, दोन मोजेपर्यंत नजर, मग ती एक पाऊल पुढं येते आणि मिठी, छातीत एका मुठीचं अंतर, चार मोजले का सुटायचं. हात कुठं, किती वेळ, किती जोर, कोण आधी हलणार, एवढं प्रत्येक वेळी ठरलेलं पाहिजे. सुरुवातीच्या तालमीत मिठी मारूच नका, नुसते तळहात तळहाताले लावा न आकडे म्हणा, ते डोक्यात बसलं का मग पुढं. आणि बसवताना "तिले कवटाळ, कुस्कर" असले शब्द नको, "हात पाठीवर ठेव, जोर वाढव" असं साधं बोला, त्यानं दोघांचा पण संकोच निम्मा होते.

चुंबन असेल तं स्टेजवर खरं करायची काहीच गरज नाही. मंडपातली शेवटची बाई इतकी दूर बसली असते का तिले ओठ दिसतच नाहीत, तिले दिसते ते पाठ, मान आणि थांबलेला श्वास. पुरुषानं पब्लिककडं पाठ करायची, दोन्ही हात तिच्या गालावर, अंगठे ओठांवर, तोंड अंगठ्याजवळ न्यायचं. ऑर्गनवाल्यानं एक सूर धरून ठेवला का मंडप चिडीचूप. आणि तोंड जवळ जाणारच असेल तं खर्र्याचं (तंबाखू-सुपारीचं) आधीच बोलून घ्या, लाजू नका. एक तास आधी खर्रा बंद, ब्रश करायचा, विलायची खायची. ओठाले फोड असेल, सर्दी असेल तं त्या दिवशी तोंड जवळ न्यायचंच नाही.

ओढाताणीच्या सीनचा नियम एकच आहे, ज्याच्यावर हल्ला होते त्याच्या हातात सीनची लगाम. केस ओढायचे तं खलनायकानं रिकामी मूठ तिच्या डोक्यावर टेकवायची, तिनं दोन्ही हातानं त्याचं मनगट डोक्यावर दाबून धरायचं आणि चालायचं तिनंच, तो फक्त सोबत जाते. तिनं हात सोडला का मूठ निघाली. पाहणाऱ्याले वाटते का फरफटत नेलं. पदराले सेफ्टी पिन लावू नका, माझ्या खांद्यावर अजून खूण आहे, टिचबटन किंवा वेल्क्रो लावा, पदर ओढला का तेवढा तुकडा सुटून येते आणि आत पूर्ण बाह्यांचं, गळ्यापर्यंतचं ब्लाऊज असते. साडीखाली लेगिंग पाहिजेच. बलात्काराच्या सीनचं माझं मत विचाराल तं दार लावा, लाईट घालवा आणि आतून बांगड्या फुटल्याचा आवाज येऊ द्या. ते पाहून बाया रडतात. आणि पूर्ण दाखवलं तं पोट्टे शिट्ट्या मारतात.

आता तो शब्द. अशा सीनमध्ये "नको", "थांबा", "सोडा" हे सगळे डायलॉग असतात, म्हणून खरं थांबवायसाठी असा शब्द ठेवा जो नाटकात कुठंच येत नाही. आम्ही "लाखोरी" ठेवला आहे. कोणी लाखोरी म्हणालं का समोरच्यानं लगेच हात काढायचा, एक पाऊल मागं. बोलता येत नसेल तं समोरच्याच्या दंडावर दोनदा थोपटायचं, त्याचा अर्थ पण तोच. आणि हे प्रॉम्प्टरले नक्की सांगा, आपल्याकडं सगळं नाटक त्याच्याच भरवशावर चालते, त्यानं लाखोरी ऐकलं का पुढच्या प्रवेशाची ओळ टाकायची किंवा लाईटवाल्याले इशारा करायचा. सीझनच्या पहिल्या आठवड्यात एकदा मुद्दाम म्हणून पाहा, सगळ्यांले सवय लागते.

प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडायच्या आधी तो सीन दोनदा करून घ्या. एकदा हळू, आकडे मोजून, एकदा खऱ्या वेगानं. गाडी उशिरा पोचली, मंडळाचे लोक घाई करून राहिले, तरी पाच मिनिटं काढा, स्टेज रोज नवीन असते, कुठं फळी हलते, कुठं खांब मध्ये येते. ठरल्यापेक्षा कमी करता येते, जास्त नाही, पब्लिक कितीही पेटलं तरी. आणि गावच्या मंडळाकडून माईकवर सांगून घ्या का मोबाईलनं शूटिंग करू नका, समोर दोन स्वयंसेवक बसवा, नाही तं सकाळपर्यंत रील फिरते.

शॉर्टफिल्मवाल्यांसाठी थोडं वेगळं. कॅमेरा जवळ असते म्हणून अंतर लपत नाही, तिथं दोघांच्या मध्ये काहीतरी पाहिजे, जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून कपड्याच्या आत लावला तरी काम होते. अंगाले चिकटवायचं तं मेडिकलमधली मायक्रोपोर पट्टी, आदल्या दिवशी हातावर लावून पाहायची, पॅकिंगची टेप नको, कातडी निघते. खोलीत डायरेक्टर, कॅमेरा, आवाज आणि एक बाई, बाकी सगळे बाहेर, घरमालकाचे पोरं पण, खिडकीले चादर. कट म्हटल्याबरोबर शाल अंगावर, आधी शाल मग चर्चा. पण हे पण सांगून ठेवते, कपडे काढायचा किंवा संभोगासारखा सीन असेल तं माझं वाचून करायले जाऊ नका, त्याले शिकलेला माणूसच बोलवा, नाही परवडला तं सीन बदला.

आणि तरीही कोणी मुद्दाम हद्द ओलांडली तं त्याले "कलेत होते असं" म्हणून झाकू नका. कामाच्या जागी बाईच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नाटक कंपनीले पण लागते. दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथं मालकाले अंतर्गत समिती ठेवावीच लागते, आणि कमी लोक असले किंवा तक्रार मालकावरच असली तं जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिसले विचारा. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत, अडचण असली तं अजून तीन महिने वाढवून भेटू शकतात. व्हॉट्सअॅपवरचा तो तीन ओळींचा मेसेज इथं कामी येते.

सीन संपला का विंगेत दोघांनी एकमेकांसमोर उभं राहायचं, हात जोडायचे किंवा हात मिळवायचा, आणि एकमेकांले खऱ्या नावानं हाक मारायची, पात्राच्या नाही. तोंडावर पाणी मारायचं, चहा घ्यायचा. मले आधी हे उगाच वाटायचं, पण त्या खलनायकवाल्या भाऊनं सुरू केलं आणि आता तोच सगळ्यांले आठवण करून देते. सकाळी गाडी सुटायच्या आधी मी दोघांले वेगवेगळं विचारते का कालचं काही बदलायचं आहे का. काही असलं तं वहीत लिहिते आणि रात्री दुसऱ्या गावाले पोचलो का तिथूनच तालीम सुरू करते.