तालुका बैठकीत नव्याने येणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी अकरा वर्षं पक्षाचं काम करतो आहे. त्यातली शेवटची सहा वर्षं तालुका चिटणीस म्हणून. पक्षाचं नाव इथे लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते कुठल्याही पक्षाच्या बैठकीत पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याला लागू पडेल. हल्ली कॉलेज संपवून गावात परतलेली, एमपीएससीचे दोन-तीन प्रयत्न झालेली, घरच्या वावरात राबणारी बरीच मुलं-मुली विचारतात, "भाऊ, राजकारणात याचं आहे, काय करा लागते?" मी त्यांना सांगतो, आधी सहा बैठका नुसत्या बसा. पक्ष काय मानतो हे जाहीरनाम्यात छापलेलं असतं. पण तो ते खरंच मानतो का, हे बैठकीत कोण कुठे बसतं, कोणाचं बोलणं मधेच तोडलं जातं आणि शेवटी वहीत काय लिहिलं जातं, यावरून कळतं.

बैठकीची वेळ ही वरवर साधी गोष्ट वाटते, पण अर्धा निकाल तिथेच लागतो. आमची बैठक पूर्वी महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सातला असायची. ज्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइन रात्रीची असते, त्या आठवड्यात ओलित करणारा कास्तकार हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात असतो. तो येत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कपाशीच्या वेचणीत मजूर येत नाहीत. बाया तर सातला चुलीपाशीच असतात. उरतात ती पानठेल्यावर बसणारी आणि मोटारसायकल असलेली माणसं, आणि मग तेवढ्यांचं मत "तालुक्याचं मत" म्हणून जिल्ह्याला जातं. आम्ही पुढे बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी घ्यायला लागलो. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे मजुरीचे पैसे मिळतात, वावरातलं काम बंद असतं, खेड्यांवरचे लोक तसेही तालुक्याला आलेले असतात. पहिल्याच महिन्यात चौदा बाया आल्या. त्याआधी मी एका बैठकीत तीनपेक्षा जास्त पाहिल्या नव्हत्या.

जागेचंही तसंच. झेडपीच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पक्षाची बैठक घेऊ नका, कोणी "काही होत नाही" म्हटलं तरी. ती सगळ्या गावाची जागा आहे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी अशा नोकरीतल्या माणसाला पक्षाचा सभासद होता येत नाही, तेव्हा प्रेमापोटी त्यांचं नाव हजेरीत चढवून त्यांची नोकरी अडचणीत आणू नका. बाजाराची बैठक तालुक्याच्या ठिकाणी होते, आणि दर दोन महिन्यांनी एक बैठक आम्ही गावोगाव फिरती ठेवतो. कधी हनुमान मंदिराच्या सभामंडपात, कधी बुद्धविहारात, कधी कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर. पोडावर पहिल्यांदा बैठक ठेवली तेव्हा आमचेच चार जुने कार्यकर्ते आले नाहीत. एकाला ताप, दुसऱ्याच्या घरी पाहुणे, दोघांना रस्ता खराब. समतेवर तासतास बोलणारी माणसं होती ती. तालुकाध्यक्षांनी काही न बोलता हजेरीत चौघांपुढे "गैरहजर" लिहायला सांगितलं आणि पुढची बैठकही पोडावरच ठेवली. तेव्हा चौघांपैकी तिघे आले, सतरंजीवर बसले, तिथला चहा प्यायले. चौथा आजवर आला नाही. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायची आमच्या भागाला जुनी सवय आहे. तीच बैठक पक्षाला जमत नसेल, तर नव्या माणसाने तिथे जरा सांभाळूनच पाय रोवावा.

आता वहीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच सांगायचं आहे. आम्ही तिला प्रोसिडिंग म्हणतो. लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर, पानांवर क्रमांक टाकलेले, सोबत निळं स्टॅम्पपॅड, कारण आजही आमच्याकडे सहा-सात अंगठे असतात. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक, खाली सह्या. मी चिटणीस झालो त्या वर्षी एका गावच्या ई-क्लास जमिनीचा, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीचा, विषय आला. तरुण मुलांना तिथे खेळाचं मैदान हवं होतं, पक्षाने ग्रामसभेत पाठिंबा द्यावा अशी मागणी होती. बचत गटातल्या एक ताई उठून म्हणाल्या की तिथे भूमिहीनांच्या बकऱ्या चरतात, मैदान झालं तर त्या कुठे न्यायच्या? कोणीतरी "पाहू, पाहू" म्हणालं आणि विषय पुढे गेला. रात्री घरी वही लिहिताना मी सवयीने लिहिलं, "ठराव सर्वानुमते मंजूर."

पुढच्या बैठकीत मागचं कार्यवृत्त वाचायला घेतलं. त्या ओळीवर आलो तशा ताई उभ्या राहिल्या. हातात पिशवी, बाजारातून सरळ आलेल्या.

"मी तं नाई म्हटलं होतं. मंग सर्वानुमते कसं झालं भाऊ? मी मानसात नाई का?"

खोलीत कोणी बोलेना. मी आधी म्हणालो की लिहिण्याची तशी पद्धत असते. ते बोलताना मलाच लाज वाटली, कारण पद्धत तशी नसते, आळस तसा असतो. अध्यक्षांनी वही माझ्याकडून घेतली, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "ताई, तुम्ही काय म्हटलं होतं ते जसंच्या तसं सांगा." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. जुनी ओळ खोडली नाही. लिहिलेल्या कार्यवृत्तात कधीच खाडाखोड करायची नसते. नव्या पानावर "मागील कार्यवृत्तातील दुरुस्ती" असं शीर्षक देऊन त्यांचा विरोध आणि कारण लिहिलं, त्यांनी ते वाचून घेतलं आणि खाली सही केली. त्या रविवारी आम्ही दहाबारा जण जाऊन ती जमीन पायी फिरलो. नाल्याकडची बाजू चराईला तशीच ठेवून वरच्या मुरमाड तुकड्यात मैदान बसतं, हे उभं राहून पाहिल्यावर पाच मिनिटांत कळलं. बैठकीत दोन तास भांडून ते कळलं नसतं.

तेव्हापासून आमच्याकडे विरोध करणाऱ्याचं नाव आणि एका ओळीत कारण लिहिलं जातं. आणि सही बैठक संपल्यावर, ठराव मोठ्याने वाचून झाल्यावर. नव्या माणसांनो, हे नीट लक्षात ठेवा. बऱ्याच ठिकाणी आल्याआल्या हजेरीच्या कोऱ्या पानावर सही घेतात आणि वर काय भरायचं ते नंतर ठरतं. अशी सही करू नका. वाकडेपणा न करता एवढंच म्हणा की वाचून झालं की करतो.

याच सुमारास आम्ही सात जण गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला जाऊन आलो. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं हे गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा चर्चा. आणि निर्णयाची सभा वेगळी, अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात नुसतं समजून घ्यायचं, ठरवायचं काहीच नाही. पक्षाला सगळंच सर्वसहमतीने चालवणं जमत नाही, निवडणुकीच्या तोंडावर तर नाहीच. पण अभ्यासगट आम्ही उचलला. महिन्यातून एकदा दोन तास, कधी पीक विम्याचे नियम, कधी आदिवासी भागातल्या ग्रामसभांना हक्क देणारा पेसा कायदा, कधी नुसता सातबारा वाचायचा. नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी तिथे बसवतो. तिथे चूक बोलायची भीती नसते.

पक्षाची मूल्यं म्हणजे नेमकं काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी दोन गोष्टी वाचायला सांगतो. पहिली, आपल्या पक्षाची घटना. ती कोणी आपणहून देत नाही, मागावी लागते. नोंदणी झालेल्या प्रत्येक पक्षाला, मग तो कोणत्याही रंगाचा असो, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९-अ प्रमाणे आपल्या घटनेत लिहून द्यावं लागतं की तो भारताच्या संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा ठेवेल. म्हणजे बैठकीत कोणी एखाद्या जातीविरुद्ध, धर्माविरुद्ध बोलू लागलं, तर त्याला थांबवायला तुमच्याकडे तुमच्याच पक्षाचा कागद आहे. मी तो दोनदा वापरला आहे. दुसरी गोष्ट, २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत केलेलं भाषण. राजकारणात भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असं त्यांनी तिथे बजावलं. आमच्या मासिक बैठकीत हारतुरे आणि सत्कार बंद आहेत ते याच भाषणामुळे. सुरुवातीला संविधानाची उद्देशिका वाचायची आणि थेट विषय क्रमांक एक.

ग्रामसभेचंही शिकून घ्या. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे ग्रामसभेत तुम्ही मतदार म्हणून बसता, पक्षाचे म्हणून नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यातला कमी असेल तो आकडा. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. गावातले नको ते ठराव बहुतेक या तहकूब सभेतच पास होतात. सगळे घरी गेल्यावर. तुम्ही त्याच सभेला जा. सरपंचबाईंच्या जागी त्यांचे यजमान बोलू लागले तर नम्रपणे म्हणा, आम्हाला बाईंचं ऐकायचं आहे.

कामाचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं मतदार यादी आणि अर्ज. जिल्हा परिषदेच्या एका गटात, म्हणजे मतदारसंघात, पंचायत समितीचे दोन गण असतात. तुमच्या गणातल्या प्रत्येक गावाची यादी घरोघर नेऊन ताडून पाहा. नवीन नावाला नमुना ६, नाव वगळायला ७, दुरुस्तीला आणि पत्ता बदलायला ८. जिल्हा परिषदेसाठी वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच फोडून घेतात, त्यामुळे निवडणूक लागल्यावर धावपळ करून हाती काही येत नाही. सासरी आलेल्या सुनांची नावं सगळ्यात जास्त सुटलेली असतात. त्याच फेरीत निराधार योजनेचा अर्ज अडलेली एखादी म्हातारी भेटते, तिला तहसीलला घेऊन जा. त्यात तुमचा दिवस जातो, पेट्रोल जातं. पगार कोणी देत नाही. म्हणून शेती, दुकान, शिकवणी, जे काही पोटापाण्याचं असेल ते सोडू नका. ज्याचं घर पक्षावर चालतं त्याला बैठकीत "नाही" म्हणता येत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. वर्गणीची पावती फाडा, दोन हजारांवरची देणगी रोखीने घेऊ नका, आणि हिशेब दर बैठकीत रुपया-आण्यासकट वाचा.

मतभेद तर राहणारच. वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की आमच्याकडे १९५३ च्या नागपूर करारापासून सुरुवात होते आणि निम्मी खोली एकीकडे, निम्मी दुसरीकडे जाते. आम्ही दोन्ही बाजू वहीत लिहून ठेवल्या आहेत. त्यामुळे आजवर कोणी पक्ष सोडला नाही. सोडला तो उमेदवारीमुळे. मागच्या वेळी आमच्या गटासाठी तालुक्याने ई-क्लासवाल्या ताईंचं नाव ठरावासह वर पाठवलं. वरून एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, आला तो दहा दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या माणसाच्या नावाने. आमच्या ठरावाचं उत्तरही आलं नाही. त्या रात्री मलाही सोडावंसं वाटलं. आम्ही बैठक घेतली, निषेधाचं पत्र लिहिलं, अठ्ठावीस जणांनी सह्या केल्या, पाच जण निघून गेले. मी का थांबलो? कारण ताई थांबल्या.

तो उमेदवार पडला. निकालानंतरच्या बाजाराच्या दिवशी नऊ माणसं आली. बाबासाहेबांनाही १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हार पत्करावी लागली होती, असं कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा सगळे गप्प झाले. ताईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यांच्या गावातल्या तीन मुलींना एक एप्रिलला अठरा वर्षं पूर्ण होत होती, त्यांचे फोटो आणि आधारच्या झेरॉक्स. नमुना ६ भरायचे होते.

"आधी मागचं वाचा," त्या म्हणाल्या. मी वही उघडली.