स्पितीत सायकल नेताय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

बेळगावात सायकलवाली मंडळी जमली आणि हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते, "चोरला चढतोय की आपण, तिथं काय वेगळं असतंय?"

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आणि गोव्याच्या वाटेवरच्या चोरला घाटाचा माथा ८०० च्या आसपास. म्हणजे जांबोटी, कणकुंबी करत माथ्यावर पोचेपर्यंत आपण उंचीने जवळजवळ जिथल्या तिथेच असतो. खरा घाट लागतो तो गोव्याकडून परत येताना. आंबोलीचे तेच, तिलारीचेही तेच. आपण घाटाच्या डोक्यावर राहणारी माणसे. आधी उतरायचे, मग चढायचे, आणि चढ संपला की घरचे जेवण. मनालीहून स्पितीत जाताना लागणारी कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे. तिथे चढ संपल्यावर उघडा माळ, बोचरा वारा आणि पुढे कच्चा रस्ता. घाटाचा आपला हिशेब तिथे लावला की बाकीच्या चुका आपोआप होत जातात.

तयारी भलत्याच गोष्टीची

तिलारीची वळणे उभ्या पायडलवर मारणारा गडी स्वतःला तयार समजतो. पण हिमालयातले मोटाररस्ते बहुतेक ठिकाणी तेवढे खडे नसतात. मनालीकडून येताना बातल ते कुंझुम हे अंतर दहा-बारा किलोमीटरचे आणि चढाई साधारण ६०० मीटरची. सरासरी काढली तर पाच-सहा टक्के. तिलारीपुढे हे काहीच नाही असे कागदावर वाटते. पण ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. तिथे जोर मारला की दोन वळणांत छाती भात्यासारखी हलते आणि पुढचा अर्धा तास दम आटोक्यात येत नाही.

म्हणून सराव जोराचा नको, सावकाशीचा हवा. शनिवारी चोरला उतरून साखळीपर्यंत जावे आणि शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशाच वेगाने परत चढावे. दम लागून बोलणे तुटले तर वेग जास्त झाला असे समजावे. रविवारी थकलेल्या पायांनीच, सामान लादून, आंबोलीची लांब फेरी मारावी. लागोपाठ दुसऱ्या दिवशी अंग कसे वागते ते तेव्हा कळते. राजहंसगडाच्या चढावर पाच मिनिटांचा विक्रम करून त्यातले काही कळत नाही.

गिअरचेही याच सरावात बघून घ्या. पुढे ३४ दात्यांची छोटी चकती आणि मागे सर्वांत मोठी चकती २८ ची, अशी रोडबाईक आपल्याकडे चालून जाते. सामानासह कुंझुमवर ती गुडघे फोडते. मागची मोठी चकती निदान पुढच्या छोटीएवढी हवी, त्याहून मोठी असली तर उत्तम. साधी तीन चकत्यांची हायब्रिड इथे महागड्या रोडबाईकपेक्षा जास्त कामाची, हे कुणाला आवडो न आवडो.

रजा कमी म्हणून मनालीकडून

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. रजा आठवड्याची असते, नकाशावर मनालीकडून चंद्रताल तलाव जवळ दिसतो, आणि मंडळी २,०५० मीटरवरच्या मनालीहून दोन दिवसांत ४,२५० मीटरवर मुक्कामाला जातात. रात्री डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. उंचीचा त्रास पायांतली ताकद बघून येत नाही. उलट तरणाबांड, फिट माणूस जास्त सापडतो, कारण तो वेगाने वर जातो आणि डोके दुखतेय हे शेवटपर्यंत कबूल करत नाही.

डॉक्टर मंडळींचा सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायची ती झोपण्याची उंची.

सिमल्याहून किन्नौर जिल्ह्यातून गेले की हा नियम बराचसा रस्ताच पाळून देतो. रिकांग पिओ २,२९० मीटर, पूह २,६६० च्या आसपास. खाबला सतलज आणि स्पितीचा संगम ओलांडला की नाकोचा मोठा चढ लागतो. नाको ३,६६० मीटरवर आहे आणि तळ्याकाठचे गाव देखणे आहे, त्यामुळे पूहहून निघालेले सगळे तिथेच पथारी पसरतात. ही उडी हजार मीटरची होते. त्यापेक्षा नाकोत जेवून खाली चांगोला उतरून झोपावे. मग ताबो, ३,२८० मीटर. मग काझा, साधारण ३,६५०. काझाला एक दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवा. तिथून लोसर ४,०८० वर, आणि लोसरहून कुंझुमची चढाई पाचशे मीटरच्याही आत उरते. तीच खिंड, पण या बाजूने ती माणसासारखी वागते.

डोके दुखू लागले तर तिथेच थांबावे, वर जाऊ नये. बसल्याजागी धाप लागणे, खोकला वाढत जाणे, चालताना झोकांड्या जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असो वा पाऊस, गाडी मिळवून खाली उतरायचे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नका, निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारा. आणि चोरला उतरला की बाटली उघडायची ही आपल्यातल्या काहींची सवय त्यांनी घरीच ठेवावी.

रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, हा समज

आधी रिकामा रस्ता सुरू कुठे होतो ते बघा. सिमल्याहूनच सायकल हाणायची हौस असते, पण ऑगस्ट-सप्टेंबरात सिमला, नारकंडा, रामपूर या पट्ट्यात सफरचंदांचे ट्रक धावत असतात. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरमागून ज्याने सायकल चालवली आहे त्याला जास्त सांगायला नको. तो टप्पा सरळ एसटीने काढा, म्हणजे तिकडच्या हिमाचल परिवहनच्या बसने. सायकल टपावर जाते. दोरी मात्र आपली न्या आणि बांधायला स्वतः वर चढा. पूहच्या पुढे रस्ता निवांत होतो.

निवांत झाला की माणूस रस्त्याच्या मधोमध येतो, कानात गाणी घालतो. कणकुंबीच्या धुक्यात असे चालवणारे आपण पाहतोच. स्पितीत वाऱ्याच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही, आणि अर्ध्या तासात आलेले एकमेव वाहन नेमके लष्कराचा ट्रक असते, तेही वळणावर. मोठी गाडी दिसली की उतरून डोंगराच्या बाजूला उभे राहा. दरीच्या बाजूची कड आतून पोकळ असू शकते.

मदतही रिकामीच असते. जांबोटी रस्त्यावर चहाची टपरी फार वेळ चुकत नाही. लोसरच्या पुढे कुंझुम ओलांडून मनालीच्या रस्त्याला लागेपर्यंत, म्हणजे ग्राम्फूपर्यंत, भरवशाचे म्हणावे असे बातल आणि छतडूचे ढाबे, तेही हंगामापुरते. एक वेळचे पूर्ण जेवण आणि अंगावर घालायचा एक जादा थर कायम पिशवीत हवा. उंचीवर भूक मरते, तेव्हा गोड एनर्जी बार घशाखाली उतरत नाहीत. भडंग, शेंगांची चटणी, तिळाची चिक्की उतरते. कुंदा न्यायचा तर न्या, पण तो पहिल्या दोन दिवसांत संपवा. मांडे नेऊ नका, चुरा होतो!

कधी जायचे

मे-जूनमध्ये सुट्ट्यांची गर्दी, जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी. नाकोजवळचा मलिंग नाला त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. सप्टेंबर उत्तम. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून निघालात तर गणपतीही चुकत नाही आणि वर आकाशही निवळलेले असते. रात्री मात्र पाणी गोठू लागते. आंबोलीला नेतो ते पातळ जाकीट तिथे कामाचे नाही.

सायकलीचे काय काय बिघडते

गोवा एक्सप्रेसच्या ब्रेकव्हॅनमधून दिल्लीपर्यंत सायकल पाठवली की सर्वांत आधी वाकतो तो मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती सायकलीला जोडणारा तुकडा. हा बोटाएवढा तुकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि काझात तुमच्या मॉडेलचा मिळण्याची आशा धरू नका. एक जादा घेऊन निघा. पॅक करताना डिरेलर सोडवून आत बांधा. तेवढ्याने निम्मे रडगाणे टळते.

टायर निदान ३५ मिलिमीटर रुंद हवेत, ४० बसत असतील तर ४०. खड्ड्यांचा सराव आपल्याला चांगलाच आहे, त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते तुम्ही ठरवा. पण बातल ते ग्राम्फू हा नुसता खड्ड्यांचा रस्ता नव्हे. गोटे, वाळू आणि मधूनमधून थेट रस्त्यावरून वाहणारे नाले. हे पाणी बर्फाचे असते. सकाळी घोट्याएवढे असलेले दुपारी ऊन लागल्यावर गुडघ्यापर्यंत येते. त्यामुळे बातलहून उजाडताच निघा. नाल्यात सायकलवर बसून घुसू नका, बूट न काढता ढकलत न्या. तळाचे दगड अनवाणी पायाला धार लावल्यासारखे लागतात.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते आणि ट्यूब फुटते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रिम ब्रेक असतील तर मधे थांबून रिमजवळ हात नेऊन बघा, चटका जाणवला तर दहा मिनिटे डोंगर बघत बसा. डिस्क ब्रेकच्या रोटरला मात्र बोट लावू नका. पॅडचा एक जादा जोड न्या, चिखल आणि वाळूत ते भराभर झिजतात. कुंझुमहून उतरताना हातमोजे पूर्ण बोटांचे हवेत. थंडीने बोटे बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेलाय ते कळतच नाही.