नळी टाकताना बीपी-पल्स उसळते? या चुका टाळा

भूल देताना श्वासनलिकेत नळी टाकायची असते. त्यासाठी घसा उघडून दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपचं ब्लेड जिभेच्या मुळाशी दाब देतं आणि काही सेकंदांत पल्स-बीपी चढू लागतात. एक-दोन मिनिटांत कळस, साधारण पाच मिनिटांत उतार. धडधाकट पेशंट हे सहज सोसतो. पण कोरोनरीचा (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा) आजार, अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीचा फुगा), डोक्यातला वाढलेला दाब किंवा प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणातला बीपीचा आजार) असेल तर तीच पाच मिनिटं महागात पडतात.

सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) 2 ते 3 मायक्रोग्रॅम प्रति किलो दिलं, पाठोपाठ झोपवणारं प्रोपोफॉल आणि स्नायू ढिले करणारं रिलॅक्संट, की मिनिटभरात ब्लेड तोंडात! फेंटानिलचा पुरता परिणाम यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणजे उसळी आली तेव्हा औषध पोचलेलं नव्हतं आणि पोचलं तेव्हा उसळी ओसरलेली, मग सिस्टोलिक (वरचं बीपी) 80 पर्यंत घसरतं. खापर डोसवर फुटतं आणि पुढच्या केसला डोस वाढतो, म्हणजे नंतरची घसरण आणखी खोल. एस्मोलॉल (झटपट लागू पडणारं बीटा-ब्लॉकर, म्हणजे पल्स-बीपी उतरवणारं औषध) ब्लेडच्या एक-दोन मिनिटं आधी द्यावं. लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) 1.5 मिलिग्रॅम प्रति किलो दीड ते तीन मिनिटं आधी, पण एकट्या लिग्नोकेनवर भिस्त नको. ते कधी साथ देतं, कधी नाही. गुंगी आणणाऱ्या डेक्समेडेटोमिडीनचा लोडिंग (सुरुवातीचा) डोस दहा मिनिटांत सावकाश जायला हवा. भरकन दिला तर बीपी उलट चढतं आणि पल्स पडते.

रिलॅक्संटलाही वेळ द्या. रोक्युरोनियम 0.6 मिलिग्रॅम प्रति किलोला दीड-दोन मिनिटं, व्हेक्युरोनियमला तीनच्या आसपास. स्वरयंत्राच्या कॉर्ड अर्धवट ढिल्या असताना नळी घातली की पेशंट खोकतो आणि आधीची सगळी मेहनत पाण्यात. लॅरिंगोस्कोपी 15 सेकंदांत आटपली तर उसळी कमी राहते. म्हणून पोझिशन, सक्शन, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी) सगळं आधीच हाताशी हवं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, औषधांचा नंबर नंतर.

नळी टाकल्यावर पल्स 130 दिसली की हात थेट बीटा-ब्लॉकरकडे जातो. थांबा. आधी कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटर) बघा, मग ऑक्सिजन सॅच्युरेशन, छातीचा आवाज आणि भुलेची खोली. नळी अन्ननलिकेत असेल, कार्बन डायऑक्साइड साठला असेल, ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनलिका आवळणं) असेल किंवा भूल उथळ असेल, तर एस्मोलॉल नुसता आकडा झाकतं. बीपीचा कफ दंडाला अपुरा असेल तर आकडाच खोटा, जास्त दाखवणारा.

उसळी ओसरल्यावर सर्जनची तयारी चाललेली असते, चीर अजून दूर असते, आणि व्हेपोरायझर (भुलेची वाफ सोडणारं उपकरण) मात्र तसाच चढवलेला. हेही बीपी कोसळायचं नेहमीचं कारण.

वयस्कांचं गणित वेगळं. रक्ताभिसरण संथ, त्यामुळे प्रोपोफॉल उशिरा लागतं, आणि ‘अजून झोपले नाहीत’ म्हणून दुसरा डोस जातो. 1 ते 1.5 मिलिग्रॅम प्रति किलो पुरतं, तेही थोडं थोडं देऊन. लहान मुलांत उलटा धोका: पल्स घसरते. तेव्हा पहिला संशय ऑक्सिजन कमी पडल्याचा.

नेहमीचं बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडीन ऑपरेशनच्या सकाळी बंद करू नका, रिबाउंडची (औषध तुटल्यावर बीपी-पल्स उलट उसळण्याची) भीती असते. एसीई इनहिबिटर (बीपीच्या गोळ्यांचा एक प्रकार) मात्र बऱ्याच ठिकाणी 24 तास आधी थांबवतात. ते सकाळी घेतलेलं असेल तर इंडक्शननंतर (भूल चढवल्यावर) बीपी पडेल असं धरूनच बीपी चढवणारं फिनाइलएफ्रिन सिरिंजमध्ये भरून ठेवा. आणि इंडक्शनपुरतं बीपीचं मोजमाप दर मिनिटाला लावा. पाच मिनिटांच्या सेटिंगवर अख्खी उसळी दोन मापांच्या मध्ये येऊन जाते.