परड्यात फळझाडं लावताय? आधी खड्ड्यातलं पाणी बघा

मृग तोंडावर आला आहे आणि घरोघरी परड्यात खड्डे तयार आहेत. त्यात कलम ठेवण्याआधी हात जोडून एक काम सांगतो. संध्याकाळी दोन फुटी खड्डा काठोकाठ पाण्यानं भरा. सकाळीही तळाला पाणी दिसलं, तर खड्डा बुजवा आणि झाड उंचवट्यावर लावा.

बेळगावच्या काळ्या शिवारात, निपाणी-चिकोडीकडच्या चिकट रानात पहिल्याच पावसाळ्यात गेलेली कलमं मी पाहिली, त्यातली बहुतेक बुडून मेली होती. खड्ड्यात भरलेली माती भुसभुशीत, भोवतीची टणक. चारी बाजूंचं पाणी आत उतरतं आणि तिथंच बसतं. मुळं गुदमरून कुजतात, वर पानं मलूल होतात. घरच्यांना वाटतं झाड तहानलंय, म्हणून आणखी दोन घागरी ओततात! दुकानात गेलात तर मुळं वाढवणारी महागडी पावडर गळ्यात मारतील. कुजलेल्या मुळाला ती काय करणार? ते पैसे चर काढणाऱ्या गड्याला द्या.

उंचवटा दीड ते दोन फूट उंच, चार-पाच फूट रुंद. पावसानं माती बसते, म्हणून थोडी जास्तच ओढा. न्हाणीचं आणि पागोळ्यांचं पाणी तिकडं वळवू नका. खानापूरच्या तांबड्या मातीत निचरा बरा, पण दोन फुटांवर दगड लागला की तिथंही तेच. अथणीकडं मात्र उलट: पाऊस कमी, उंचवटा करू नका, आळं करा.

माझा एक अंदाज, पुस्तकात नाही: जिथं लव्हाळा माजतो, तिथं चिकू-आंबा लावू नये. तिथं जांभूळ टिकतं.

कमी निगेची झाडं, अंतरासह (कंसात जात):
- पेरू (सरदार): ६ मीटर
- सीताफळ (बालानगर): ५ मीटर
- चिकू (कालीपत्ती): १० मीटर
- कागदी लिंबू: ६ मीटर
- फणस, आंबा: १० मीटर, बांधाच्या कडेला

पपई मी मुद्दाम सोडली. तिच्या बुंध्याशी पाणी दोन दिवस थांबलं तरी ती जाते.

लावताना, दर झाडाला:
- चांगलं कुजलेलं शेणखत २० ते २५ किलो
- निंबोळी पेंड १ किलो
- शेणखतात मिसळून ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) ५० ग्रॅम
- कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर
- काठीचा आधार

रोपं अरभावीच्या बागायत महाविद्यालयासारख्या ठिकाणी किंवा बागायत खात्याच्या रोपवाटिकेत आधी चौकशी करून घ्या. टेम्पोतून दारात येणाऱ्या कलमांच्या जातीची खात्री नसते.

पुनर्वसू-पुष्याच्या झडीत घोंगडं घेऊन रोज एक चक्कर मारा. बुंध्याशी डबकं दिसलं तर लगेच कुदळीनं वाट काढून द्या. पानं पिवळी पडून मान टाकत असतील तर आधी पाणी काढा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला ३ ग्रॅम मिसळून झाडाला दोन-तीन लिटर ओता. पाणी न काढता औषध ओतलंत तर ते वायाच.

दसरा झाला की उंचवट्याचा माथा थोडा खोलगट करा, भोवती पाचट अंथरा, आणि मग खुशाल पाणी द्या.