आकडा वाढला, हात तिथंच: पक्षाघातानंतर हाताचं मोजमाप करताना या चुका टाळा

फाईलमध्ये लिहिलेलं असतं, "ग्रिप (मुठीचा जोर) १४ वरून २० वर." आणि मुलगा विचारतो, "मॅडम, मग बाबांना शर्टाची बटणं का लावता येत नाहीत अजून?" नाशिकमध्ये न्यूरो फिजिओथेरपी करणाऱ्या कुणालाच हा प्रश्न नवा नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीहून पेशंट येतात, मधे काही आठवडे गावाजवळच कुणाकडे तरी व्यायाम करतात, आणि फाईलमध्ये तिघा-चौघांच्या अक्षरातले आकडे साठत जातात. त्यातले बरेचसे शेजारी शेजारी ठेवण्याच्या लायकीचे नसतात.

सगळा भरवसा ग्रिपवर

डायनामोमीटर, म्हणजे मुठीचा जोर मोजायचं यंत्र, हाताशी असतो, आकडा लगेच मिळतो, म्हणून तोच घेतला जातो. पण पक्षाघातानंतर अनेकांची खरी अडचण मूठ वळण्याची नसते, ती उघडण्याची असते. बोटं आत ओढलेली, अंगठा तळव्यात गेलेला. असा हात दाबेल बऱ्यापैकी, पण धरलेला कप खाली ठेवताना सोडवायला दुसरा हात लागेल. त्यात घरचे दिवसभर स्माइली बॉल हातात देऊन ठेवतात. म्हणजे व्यायामही मुठीचा आणि मोजणीही मुठीचीच. बोटं किती सरळ होतात, मनगट वर धरता येतं का, वस्तू सोडायला किती वेळ लागतो, हे आधी लिहा. झटक्यानंतरच्या पहिल्या ७२ तासांत बोटं थोडी तरी सरळ होतात का आणि खांद्यातून हात बाजूला उचलला जातो का, एवढ्या दोन गोष्टींवरूनही पुढचा बराच अंदाज बांधता येतो.

ग्रिप घ्यायचीच तर नीट घ्या. पेशंट खुर्चीत, दंड अंगालगत, कोपर ९० अंशांत, हँडल दुसऱ्या खाचेत, तीनदा घेऊन सरासरी. डायलवर किलो आणि पाउंड दोन्ही असतात. एकानं १० किलो लिहिलं आणि पुढच्यानं पाउंड वाचून नुसतंच २२ लिहिलं, की घरात पेढे वाटले जातात. दुसरी गंमत सुईची. सर्वांत जास्त जोर नोंदवणारी सुई तिथंच थांबून राहते. ती शून्यावर आणली नाही, तर आधी तपासलेल्या धडधाकट हाताचा आकडा दुखऱ्या हाताच्या नावावर जातो. हात इतका अशक्त असेल की काटा हलतच नाही, तर बीपीच्या मशीनचा कफ गुंडाळून त्यात दाब २० मिमी (पाऱ्याचे) होईपर्यंत हवा भरा आणि तो दाबायला द्या. मात्र तो आकडा मिमीमध्येच ठेवायचा, किलोच्या रकान्यात नाही.

हात पोचला, पण कसा?

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. समोरचा ठोकळा उचला म्हटलं की काका कमरेतून वाकतात, खांदा कानाकडे चढतो, कोपर दुमडलेलंच राहतं. ठोकळा मिळाला, बाजूला उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा खुलला. पण न पोचणाऱ्या हाताची भरपाई पाठीनं केली, ते कुणी लिहिलं नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांचंही असंच असतं. मेंदूतल्या हालचालीच्या भागाला इजा झालेला उंदीर काही दिवसांनी फटीतून पंजा घालून दाणा पुन्हा पकडू लागतो. नुसते दाणे मोजले तर बरा झाला म्हणावं. व्हिडिओ सावकाश फिरवून पाहिला की कळतं, पंजाची जुनी हालचाल परतलेलीच नाही, तो अख्खं अंग वळवून काम भागवतोय.

ॲक्शन रिसर्च आर्म टेस्टमध्ये, म्हणजे हातानं वस्तू धरून-उचलून दाखवायच्या चाचणीत, १९ कामं असतात, प्रत्येकी ० ते ३, एकूण ५७ गुण. ३ द्यायचे ते हालचाल नेहमीसारखी झाली आणि काम ५ सेकंदांत उरकलं तरच. पेशंटनं धडपडत, वाकून, वेळ घेऊन जमवलं, तर २. दया येऊन ३ देणारे पुष्कळ भेटतात. मग पुढच्या महिन्यात खरोखर सुधारणा झाली तरी ती दाखवायला गुण शिल्लक नसतात. शिवाय जुन्या पेशंटमध्ये ५७ पैकी दोन-तीन गुण वाढले म्हणून सुधारणा जाहीर करू नका. साधारण ६ गुणांचा फरक पडला तर त्याला वजन आहे. फ्युगल-मायर या दुसऱ्या चाचणीचे हाताचे ६६ गुण वेगळं सांगतात: स्नायू सुटे सुटे हलतात का. एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पेशंटला विचारून दर वेळी बाजूनं मोबाइलवर शूटिंग करून ठेवा, वाद मिटतात.

थंडी, गोळी आणि ठोकळे

निफाडला पारा एक आकडी असताना सकाळी मोटारसायकलवर मागं बसून आलेल्या माणसाचा हात आल्या आल्या तपासला, तर ताठरपणा जास्तच सापडणार. पंधरा मिनिटं बसू द्या. तपासणीची वेळ तीच ठेवा, बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारी गोळी) किती वाजता घेतली ते लिहा. मॉडिफाइड ॲशवर्थसाठी (ताठरपणाला ग्रेड द्यायची पद्धत) कोपर पुन्हा पुन्हा ताणत राहिलात तर ते सैल पडतं आणि ग्रेड आपोआप उतरतो.

बॉक्स अँड ब्लॉक चाचणीत पेटीतले ठोकळे एकेक करून मधल्या फळीपलीकडे टाकायचे असतात; तिचा सेट सुताराकडून बनवून घेतला तरी चालेल. ठोकळे २.५ सेंमीचे हवेत आणि त्यांना गुळगुळीत पॉलिश नको. मात्र त्यावरचा आकडा त्याच सेटवरच्या आकड्याशी ताडायचा, छापील तक्त्याशी नाही. आधी १५ सेकंद सराव, मग चांगल्या हातापासून सुरुवात, प्रत्येक हाताला ६० सेकंद. बोटांची टोकं मधल्या फळीपलीकडे गेली पाहिजेत, दोन ठोकळे एकदम नेले तर एकच धरायचा. आणि डावी बाजू गेलेला पेशंट डावीकडचे ठोकळे सोडून देत असेल तर त्याचं तिकडं लक्षच जात नाही का, हे आधी पाहा.

घरी काय चाललंय ते न विचारणं

तपासताना हात चालतो, घरी मांडीवर पडून असतो. म्हणून "करता येतं का?" एवढ्यावर थांबू नका. "काल केलं का?" विचारा, आणि काकूंनाही विचारा. द्राक्षबागायतदार असेल तर त्याचंच सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन यायला सांगा. त्याला स्प्रिंग असते, दाबलं की कापतं आणि आपोआप उघडतं. त्यामुळं मूठ वळणारा पण न उघडणारा हातही काडी कापतो आणि घरचे म्हणतात, बाबा छाटणीला लागले. त्याच हातानं कापलेली काडी चिमटीत धरून बाजूला टाकायला लावा, मणी न सांडता घड धरायला लावा. कापणं, धरणं, सोडणं, तिन्हींचे रकाने वेगळे ठेवा.