टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या? आता पहिले दोन महिने पेशंटला असं जपा

जत तालुक्यात एका वस्तीवर मी आशा म्हणून काम करते. निदान होईपर्यंत घरचे घाबरलेले असतात आणि गोळ्या हातात पडल्या की निर्धास्त होतात. मीही तशीच होते. पण टीबीनं दगावणारे बरेच जण औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच जातात. आमच्या वस्तीवरचे एक मामा एकोणिसाव्या दिवशी गेले. एक गोळी चुकलेली नव्हती, रिकामी पाकिटं मी स्वतः मोजत होते. पायावर सूज होती. ‘खाटेवर बसून बसून आली असंल’ म्हणून घरच्यांनी सोडून दिली आणि मीही. तेव्हापासून प्रत्येक नव्या पेशंटच्या घरी मी हे सांगते.

पहिल्या दिवशीच वजन करा. घरात काटा नसेल तर रेशन दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर उभं करा. भिंतीला टेकवून उंचीही घ्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. उत्तर १४ किंवा त्याच्या खाली आलं तर धोका मोठा. १६ पर्यंत असून पायावर सूज असेल तरीही तेवढाच. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाचं वजन ३६ किलोच्या आत असेल तर समजा तो या रेषेखाली आहे. सूज ओळखायला नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खड्डा तसाच राहिला तर ती साधी सूज नाही.

मग श्वास मोजा. पेशंट शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. २४ च्या वर गेले तर थांबू नका. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कुणाकडं तरी असतोच, तो मागून आणा. त्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली असेल तर वाईट. शेवटी त्याला आधाराशिवाय उभं राहायला सांगा. जमलं नाही तर ‘अशक्तपणा आहे, येईल ताकद’ म्हणू नका. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन ‘ॲडमिट करून घ्या’ असं स्पष्ट म्हणा. तामिळनाडूत २०२२ पासून याच खुणा बघून पेशंट दाखल करतात. खोकल्यातून भरपूर रक्त आलं तर यातलं काहीच मोजत बसू नका, सरळ १०८ लावा.

साखर आणि एचआयव्हीची तपासणी सुरुवातीलाच झाली पाहिजे. लाजेपायी एचआयव्हीची तपासणी टाळलेली घरं मी पाहिलीत. यातला एखादा आजार निघाला तर टीबीच्या जोडीला त्याचीही औषधं लागतात. टीबीच्या गोळ्यांनी साखरेच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून साखर पुन्हा पुन्हा बघायची. आधी कधी टीबीचं औषध अर्धवट सोडलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. दारू पिणाऱ्याचं लिव्हर या गोळ्यांनी लवकर बिघडतं. लघवी लाल-केशरी होते ती गोळीचीच, तिला घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, अन्न नको झालं, तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टर गाठा.

आता खाणं. इथं आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात. दही थंड, केळं कफाचं, अंडं उष्ण, असं करत करत पेशंटच्या ताटात पातळ भात उरतो. झारखंडमध्ये २,८०० पेशंटांना धान्य-डाळ देऊन अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला हे फक्त दोन किलो! हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचं कूट, मटकी, दूध, अंडं, जे परवडेल ते द्या. एकदम जेवत नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवा. टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये येतात. बँक खातं जोडायचं राहिलं असेल तर आशाताईच्या मागं लागा, आमचं कामच आहे ते.

ऊसतोडीला जायचं असेल तर आधी सांगा. निक्षय आयडीवर, म्हणजे पेशंटच्या सरकारी नोंदणीच्या नंबरावर, तिकडच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, खंड पडू द्यायचा नाही.

दर बाजारच्या दिवशी वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आठवड्यामागून आठवडे आकडा हलला नाही किंवा खाली आला, तर ते पानच डॉक्टरांना नेऊन दाखवा. सध्या माझ्याकडं तोडीवरून परत आलेली एक लेक आहे. आली तेव्हा ३४ किलो होती, भिंत धरून चालायची. परवा आठवा आठवडा संपला. तिच्या आईनं त्या तारखेच्या चौकोनात ३६.४ लिहिलंय.