चालू कॅम्पेनमध्ये डी अँड डीचे २०२४चे रूल कसे आणायचे

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोल-प्लेइंग खेळाचं नवीन रूलबुक, प्लेअर्स हँडबुक, येऊन बराच काळ झाला, २०२५च्या सुरुवातीला मॉन्स्टर मॅन्युअलही आलं, तरी चालू कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या सलग गोष्टीत) कितीतरी टेबलांवर अजून २०१४चे आणि २०२४चे रूल यांची खिचडीच चालू आहे. खिचडीला हरकत नाही, जुनी ॲडव्हेंचर्स नवीन रूलवर चालतात, पण कुठला रूल कुठल्या पुस्तकातला यावर लढाईच्या मधेच डोकं लावत बसलं की झाला लोच्या.

आधी एक, पुस्तकं घ्यायची घाई नको. एसआरडी ५.२, म्हणजे मूळ रूलची पीडीएफ, फुकट आहे, त्यात प्रत्येक क्लासचा (फायटर, ड्रुइड असे कॅरेक्टरचे प्रकार) एकच सबक्लास (त्याची शाखा) मिळतो पण रूल समजायला तेवढं पुष्कळ झालं. पीडीएफ ग्रुपवर टाका आणि सांगा की ज्याने त्याने फक्त आपापला क्लास वाचून या. सगळं वाचा म्हटलंत तर कोणीच काही वाचणार नाही, लिहून घ्या.

मग कुठले रूल घ्यायचे? माझा हिशोब सरळ आहे, रूलमुळे टर्न (लढाईतली एकेकाची पाळी) छोटी होते की मोठी. आपल्याकडे एक जण विरारहून येणार, एक डोंबिवलीहून, दादरला कोणाच्या तरी हॉलमध्ये जमेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा, रविवारचा मेगाब्लॉक असेल तर सात, आणि दहा वाजले की लोकं ट्रेनचं ॲप उघडून बसतात. तेवढ्यात दोन लढाया झाल्या तर नशीब.

टर्न छोटी करणारे रूल डोळे झाकून घ्या. हीलिंग पोशन आता बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य ॲक्शन न घालवता मिळणाऱ्या छोट्या जादा ॲक्शनमध्ये) पिता येतं (हे तर कित्येक जण आधीपासून खेळतच होते). सरप्राइज झालात तर टर्न जात नाही, फक्त इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या रोलला) डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. एक्झॉशनचा (थकव्याचा) तो सहा पायऱ्यांचा तक्ता कोणाच्या बापाला आठवत नव्हता, आता थकव्याच्या दर लेव्हलला डी-ट्वेंटीच्या (२० बाजूंच्या फाशाच्या) रोलमधून २ वजा आणि स्पीड ५ फूट कमी, बस. आणि कॉन्ज्युअर ॲनिमल्स, प्राणी बोलावायचा स्पेल (मंत्र)! आधी ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आठ लांडगे काढायचा, आठही जणांचे रोल होईपर्यंत बाकीचे खाली जाऊन चहा पिऊन यायचे. आता लांडग्यांचा अख्खा कळप मिळून एकच इफेक्ट.

टर्न मोठी करणारी गोष्ट म्हणजे वेपन मास्टरी, शस्त्रागणिक मिळणारी खास युक्ती. मला ती आवडते, फायटरला शेवटी "मी मारतो" याच्यापलीकडे काहीतरी करायला मिळालं, पण टॉपल (समोरच्याला आडवं पाडणारी मास्टरी) घेतलं की प्रत्येक हिटला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (त्यातून वाचायचा रोल) येतो आणि ॲक्शन सर्ज (त्याच टर्नला अजून एक ॲक्शन) मारला की डोक्याला शॉट. म्हणून सुरुवात व्हेक्स (वार लागला की त्याच शत्रूवरचा पुढचा वार सोपा) आणि ग्रेझने करा, त्यांना वेगळा सेव्ह नाही. ग्रेटसोर्डचा वार चुकला तरी ग्रेझमुळे स्ट्रेंग्थ मॉडिफायरएवढं (स्ट्रेंग्थच्या स्कोअरवरून येणाऱ्या बोनसएवढं) डॅमेज जातंच. कोणाला टॉपलच हवं असेल तर त्याने डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) शीटवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा: ८ अधिक मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस), म्हणजे लेव्हल ५ला स्ट्रेंग्थ १८ असेल तर ८+४+३, १५. मॉन्स्टरचा सेव्हही त्यानेच अटॅकच्या फाशाबरोबर टाकायचा, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) फक्त बोनस सांगायचा. एकदा आडवा पडला की त्याच्यावर परत सेव्ह नाही.

बदल करायचा तो दोन ॲडव्हेंचरच्या मधे, डंजनच्या पोटात असताना नाही. सबक्लास आता सगळ्यांनाच लेव्हल ३ला मिळतो, त्यामुळे पार्टी ३च्या पुढे असेल तर तिथे वांदे होत नाहीत. ॲबिलिटी स्कोअरचे बोनस नवीन रूलमध्ये बॅकग्राउंडमधून (कॅरेक्टरच्या आधीच्या आयुष्यातून) येतात, पण चालू कॅरेक्टरचे स्कोअर परत मोजू नका, प्रत्येकाला एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारी खास क्षमता) द्या आणि विषय संपवा.

भांडण होणार ते पॅलाडिनवरून (शपथ घेतलेला पवित्र योद्धा). आधी जितके हिट तितके स्माइट (लागलेल्या वारावर दैवी डॅमेजची भर), आता डिव्हाइन स्माइट हा बोनस ॲक्शनचा स्पेल झालाय, म्हणजे टर्नला एकच. पॅलाडिनवाला बोंबलणार, बोंबलू द्या, पहिल्याच राउंडला बॉस मेला की मजा त्याची एकट्याची होते. वर त्याला दिवसाला एक स्माइट फुकट मिळतो आणि ले ऑन हँड्सही (हात लावून बरं करणं) बोनस ॲक्शनमध्ये. मात्र स्पेल झाल्यामुळे त्यावर काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) टाकता येतो, हे मला पटत नाही, आमच्या टेबलवर स्माइटला काउंटरस्पेल चालत नाही.

रेंजरचं (रानात माग काढणारा शिकारी) मात्र खरंच वाईट केलंय. अर्धा क्लास हंटर्स मार्कवर (खूण केलेल्या शत्रूला जादा डॅमेज देणाऱ्या स्पेलवर) उभा केला आणि कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी असा एकच स्पेल चालू ठेवता येतो ही अट) तसंच ठेवलं, वर लेव्हल २०ला बक्षीस काय, तर त्या डॅमेजला डी-सिक्सच्या जागी डी-टेन. आम्ही लेव्हल ९पासून ते कॉन्सन्ट्रेशन काढून टाकलंय आणि अजून तरी कोणी तक्रार केलेली नाही, पॅलाडिनवाला सोडून.